गठ्ठा रद्दीत घालू नकोस

वेंगुर्ले

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

काकांचे फोटोग्राफीचे जुने अंक रद्दीत घालू का, असं विचारतोस. अरे, मी येईपर्यंत तरी थांब! आईला सांगितलं तर म्हणाली, "हंय हाडू नको हां ती रद्दी, वाळवी लागतली."

तिचंही खोटं नाही. आपल्या हवेत महागडा अंक आधी मरतो. गुळगुळीत आर्ट पेपरवर चिनी मातीचा लेप असतो. पावसाळ्यात ओल धरली की पानं चिकटतात, आणि सोडवायला जावं तर एका पानावरचा चेहरा सोलून दुसऱ्यावर येतो. न्यूजप्रिंट पिवळा पडतो, कडा तुटतात, पण उघडतो तरी.

मुळात मासिकात फोटो छापणं हेच अवघड होतं. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉक्टर भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू नारायण दाजी तिचे सभासद. (भाऊंचा जन्म गोव्यातल्या मांद्र्याचा, म्हणजे आपल्या तेरेखोल नदीच्या पलीकडचा. हे मुद्दाम सांगतो!) १८५६ पासून तिच्या आश्रयाने 'इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' नावाचं मासिक निघालं. त्यात फोटो छापलेले नसत, खरे प्रिंट चिकटवलेले असत. काचेच्या निगेटिव्हखाली कागद उन्हात धरून एकेक काढायचा. अशा मासिकाच्या प्रती निघून निघून किती निघणार?

पुढे हाफटोन आला. न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक'ने १८८० साली तो छापून दाखवला. फोटो जाळीतून काढून त्याचे ठिपके करायचे. काळोखात मोठे, उजेडात बारीक. शाई एकच, काळी. या ठिपक्यांचा धातूचा ठसा, म्हणजे ब्लॉक, टायपाशेजारी बसवला की मजकुराबरोबर फोटोही छापून निघतो. न्यूजप्रिंटला इंचाला साठ-पासष्ट ओळींची जाडी जाळी, आर्ट पेपरला एकशे तेहतीसची. काकांच्या अंकांवर भिंग धर, कुठला फोटो स्वस्तातला ते लगेच कळेल.

अमेरिकन फोटोग्राफर स्टीग्लिट्झचं त्रैमासिक 'कॅमेरा वर्क' (१९०३ ते १९१७) या सगळ्याला नाक मुरडणारं. पातळ जपानी कागदावरची फोटोग्राव्ह्युअर्स, म्हणजे कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून काढलेली चित्रं, हाताने डकवलेली. सुरुवातीला हजाराच्या आसपास असलेले वर्गणीदार शेवटी चाळीसच्या आत आले. देखणं खरंच, पण माझा जीव १९३७ साली निघालेल्या 'पॉप्युलर फोटोग्राफी'सारख्या मासिकांत जास्त रमतो. फिल्म धुवायच्या डेव्हलपरची कृती, वाचकांचे प्रश्न, लेन्सच्या जाहिराती असं सगळं त्यांत. गावातल्या स्टुडिओवाल्याला गुरू कुठून मिळणार? पोस्टमन आणून द्यायचा तोच.

काकांच्या एका अंकात एक्स्पोजरचा, म्हणजे फिल्मला किती उजेड द्यायचा त्याचा, तक्ता आहे बघ, परदेशातल्या उन्हाचा. त्याच्या शेजारी काकांनी पेन्सिलीने लिहिलंय: 'ओली वाळू, एक स्टॉप कमी.' म्हणजे उजेड निम्मा. तो अंक आधी बाजूला काढ.

चिकटलेली पानं सोडवत बसू नकोस, आणि जाहिरातींची पानं फाडून गठ्ठा हलका करू नकोस. गणपतीला येतोच आहे, तेव्हा मीच घेऊन जाईन. आईचं मी बघतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
बाळू