जिऑग्राफिकचे गठ्ठे रद्दीत देण्याआधी नकाशा शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की माळ्यावरचे ‘नॅशनल जिऑग्राफिक’ या अमेरिकी मासिकाचे गठ्ठे खाली येतात आणि बहुतेक ठिकाणी थेट रद्दीच्या काट्यावर जातात. वाचनालयांतही जागा करायची म्हटली की पहिला नंबर याच अंकांचा लागतो, कारण कागद जड, वर्षाच्या बारा अंकांचेच वजन चार किलोंच्या आसपास. अंक देऊन टाकायला आमची हरकत नाही. १९५० नंतरचे अंक लाखोंच्या संख्येने छापले गेले आहेत आणि सुटा अंक विकून कुणी श्रीमंत होणार नाही. जून १९८५चा, मुखपृष्ठावर हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी असलेला अंक दुर्मीळ म्हणून चढ्या भावाने विकणाऱ्यांपासूनही सावध राहावे, कारण तो मुबलक आहे. आमचे मागणे एवढेच, की गठ्ठा बांधण्यापूर्वी प्रत्येक अंकात नकाशाची पुरवणी आहे का ते पाहावे.

हा नकाशा अंकाला शिवलेला नसतो. अंकाच्याच आकाराची घडी घालून तो सुटा ठेवलेला असतो. त्यामुळे घरात अंक आला की आधी तोच बाहेर निघे, मुलांच्या खोलीत किंवा शाळेच्या वर्गात चिकटे आणि पुन्हा अंकात परतत नसे. अंक ढिगाने मिळतात आणि नकाशासह पूर्ण अंक मात्र शोधावे लागतात, त्याचे कारण हे. अंकासोबत नकाशा आला होता की नाही, हे अनुक्रमणिकेत दिलेले असते, जुन्या अंकांत तर पुष्कळदा मुखपृष्ठावरच. सुटा नकाशा सापडला तर त्याच्या शीर्षकापाशी किंवा कडेला महिना व वर्ष शोधावे. ते सापडले की मऊ पेन्सिलीने एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी घडीत ठेवावी. नकाशावर काहीही लिहू नये.

आपल्याकडच्या माळ्यांवर मुद्दाम शोधावेत असे तीन नकाशे आहेत. पहिला एप्रिल १९४६चा ‘इंडिया अँड बर्मा’. फाळणीच्या सव्वा वर्ष आधीचा हिंदुस्थान त्यात दिसतो. दुसरा जून १९५२चा, नैऋत्य आशियाचा, भारत आणि पाकिस्तानसह. त्या वेळी महाराष्ट्र राज्य व्हायला आठ वर्षे होती आणि गोवा पोर्तुगिजांकडे होता. तिसरा डिसेंबर १९८४चा दक्षिण आशियाचा, मागच्या बाजूला इथल्या लोकसमूहांचा नकाशा. याच अंकाच्या मुखपृष्ठावर पोरबंदरच्या पुरात गळ्याइतक्या पाण्यात खांद्यावर शिवणयंत्र धरून चाललेला म्हातारा शिंपी आहे. आतला मुख्य लेख मोसमी पावसावर. भारताबाहेरचा एकच ठेवायचा असेल तर फेब्रुवारी १९६९चा चंद्राचा ठेवावा, माणूस चंद्रावर उतरण्याच्या पाच महिने आधीचा.

जगाच्या नकाशांत आणखी एक खूण पाहता येते. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या निरनिराळ्या मांडण्या असतात. मासिक काढणाऱ्या नॅशनल जिऑग्राफिक संस्थेने १९२२ पासून व्हॅन डर ग्रिंटनची मांडणी वापरली, १९८८ साली रॉबिन्सनची आणि १९९८ साली विंकेल ट्रिपेलची. पहिल्या मांडणीत ग्रीनलँड आणि रशिया अवाढव्य दिसतात, पुढच्या दोन्हींत ते आवरलेले आहेत. तारीख फाटून गेलेला जगाचा नकाशा कोणत्या काळातला, याचा पहिला अंदाज एवढ्यावरून येतो.

परदेशातून येणाऱ्या नियतकालिकांत भारताचा नकाशा असला, तर त्यावर ‘बाह्य सीमा अचूक व अधिकृत नाहीत’ अशा अर्थाचा इंग्रजी रबरी शिक्का मारला जाई. १९६१च्या फौजदारी कायदा दुरुस्तीनुसार, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. काही जण हा शिक्का म्हणजे डाग समजून खोडरबराने घासतात किंवा ब्लीच लावतात. शाई जात नाही, कागदाची चकाकी तेवढी उडते. तो अंक भारतात कसा पोहोचला, याची ती नोंद आहे. शिक्क्याची प्रत आणि बिनशिक्क्याची प्रत वेगळी धरावी. जुना नकाशा परदेशातून मागवताना सीमाशुल्काकडे अडकू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

मुखपृष्ठावरून काळ ओळखणे सोपे आहे. ऑक्टोबर १८८८चा पहिला अंक विटकरी रंगाचा, जानेवारी १८९६ पासून मासिक, आणि ओकची पाने व फळे गुंफलेली पिवळी चौकट आली फेब्रुवारी १९१०मध्ये. तेव्हापासून जवळपास पन्नास वर्षे मुखपृष्ठावर चित्राऐवजी अनुक्रमणिका असे. ठळक अपवाद जुलै १९४२चा, अमेरिकी ध्वजाचा. सप्टेंबर १९५९ पासून दर महिन्याला छायाचित्र येऊ लागले आणि पानांची नक्षी थोडी थोडी छाटत १९७९च्या सुमारास पुरती गेली. म्हणून साठच्या आणि सत्तरच्या दशकांतले अंक एकाशेजारी एक मांडले, की चौकट बदलत गेलेली डोळ्यांनी दिसते. हे पाहायचे तर सलग अंक लागतात. मधले पाच-सहा गेले की साखळी तुटते.

बारकोड असलेली स्टॉलवरची प्रत आणि वर्गणी भरून टपालाने घेणाऱ्या सभासदाची प्रत यांतही फरक असतो. अमेरिकेत हे मासिक १९९०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत प्रामुख्याने सभासदांनाच जाई, म्हणून आधीच्या अंकांत हा प्रश्न फारसा येत नाही.

पाने गहाळ आहेत, या समजुतीने चांगले अंक फेकले जातात, ते थांबायला हवे. या मासिकाचे पृष्ठांक खंडभर सलग चालत. १९१४ पासून वर्षाचे दोन खंड, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर. त्यामुळे डिसेंबरचा अंक पान १ पासून सुरू होत नाही, तो सहाशेच्या पुढूनही सुरू होऊ शकतो. जाहिरातींची पाने या मोजणीत येत नाहीत. खंडाचा आकडा ताडून पाहायचा असेल तर वर्षातून १९१४ वजा करा, दुपटीत २५ मिळवा. पहिल्या सहामाहीचा खंड मिळतो, दुसरीसाठी एक वाढवा. १९४६ वजा १९१४ म्हणजे ३२, दुप्पट ६४, अधिक २५ म्हणजे ८९. ‘इंडिया अँड बर्मा’चा अंक ८९व्या खंडाचा चौथा. अंकावर हा आकडा रोमन पद्धतीने लिहिलेला असेल तर LXXXIX दिसेल.

वाचनालयांना एक कळकळीची विनंती. बांधणीला देताना मुखपृष्ठे आणि जाहिराती काढून टाकू नयेत. बांधणीवाला खंड नीटस दिसावा म्हणून कडा कापतो, मुखपृष्ठ फेकतो आणि नकाशा ‘सुटा कागद’ म्हणून बाजूला ठेवतो. मग उरतो तो लेखांचा गठ्ठा, जो इतरत्र सहज मिळतो. आपल्या दिवाळी अंकांचेही असेच झाले आहे, जिल्ह्याच्या वाचनालयांत बांधलेल्या खंडांमध्ये मुखपृष्ठाशिवायचे अंक कितीतरी सापडतील. बांधायचेच असेल तर मुखपृष्ठासह बांधावे आणि नकाशे वेगळ्या पाकिटात, खंडाचा आकडा घालून ठेवावेत.

आता जतनाबद्दल. या अंकांचा खरा शत्रू पाणी. कागदावर मातीचा गुळगुळीत लेप असतो, तो भिजला की डिंकासारखा होतो आणि वाळताना पाने एकमेकांना कायमची चिकटतात. नंतर सुरीने सोडवायला गेलात तर चित्राचा पापुद्रा समोरच्या पानावर जातो. कोकणात, मुंबईत ओल भिंतीतूनही येते, म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, चार बोटे तरी अंतर ठेवावे आणि सर्वांत खालचा खण रिकामा सोडावा. अंक भिजलाच तर बंद ठेवून वाळवू नका. काही तासांच्या आत ओलेपणीच पाने अलगद सोडवा, मध्ये बटर पेपर घाला आणि पंख्याखाली ठेवा. अंक बरेच असतील आणि वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये टाका, म्हणजे चिकटणे थांबते. मग एकेक काढून सावकाश सोडवता येतात. उन्हात मात्र वाळवू नका, पाने वेडीवाकडी होतात आणि रंग उतरतो.

नकाशा आधी घड्यांच्या छेदावर फाटतो, जिथे उभी आणि आडवी घडी मिळते तिथे. त्यावर सेलोटेप लावणे ही सर्वांत मोठी चूक. काही वर्षांत टेप सुटते, गोंद तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि त्याखालची गावांची नावे वाचता येत नाहीत. त्याऐवजी मागच्या बाजूने जपानी टिश्यू, म्हणजे दुरुस्तीसाठीचा पातळ पण चिवट कागद, आणि गव्हाच्या सत्वाची पातळ खळ वापरावी. दोन सेंटिमीटरची पट्टी पुरते. खळ ब्रशने इतकी कमी लावावी, की कागद ओला न होता नुसता दमट होईल. दुरुस्त झालेला नकाशा शक्यतो उलगडून सपाट ठेवावा आणि जागा नसेल तर मूळ घड्यांवरच मिटावा, नवी घडी पाडू नये.

कसरीसाठी वेखंडाचे तुकडे कापडी पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवावेत. पूड अंकांवर भुरभुरू नये, डाग पडतात. डांबर गोळ्याही कागदाला टेकवू नयेत. गंजलेल्या पिना ओढून काढू नका, आधी पाठीमागचे टोक बोथट सुरीने उचला.

जानेवारी १९७९च्या अंकात हम्पबॅक देवमाशांच्या आवाजाची लवचिक ध्वनिमुद्रिका आहे, ती पुष्कळांनी काढून ठेवलेली असते. अंक देण्याआधी जुन्या तबकड्यांच्या गठ्ठ्यातही पाहावे.

आपला,
जुन्या नियतकालिकांचा एक संग्राहक, पुणे