मालागाहून, आई-बाबांना

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

दूध-तूप सोडल्यापासून आईला माझ्या जेवणाची काळजी लागून राहिलीय. त्यात डब्लिनची अंधारी थंडी सोडून मी स्पेनच्या किनाऱ्यावर सुट्टीला आले म्हटल्यावर ती वाढलीच असणार. मासे आणि डुकराचं मांस सोडून तिथे मिळणार काय, हा बाबांचा प्रश्नही रास्त आहे. म्हणून सविस्तर लिहितेय. पुढच्या हिवाळ्यात तुम्ही दोघांनी माझ्याबरोबर इथे यावं, असं मला मनापासून वाटतं.

बाबा, तुमच्या आवडीच्या विषयापासून सुरू करते. इथे वांग्याच्या चकत्या पिठात घोळवून तळतात आणि वरून काकवी घालतात. हो, उसाचीच. मालागाच्या पूर्वेला डोंगरात फ्रिहिलियाना नावाचं पांढऱ्या घरांचं गाव आहे. उसाची काकवी करणारा युरोपच्या मुख्य भूमीवरचा शेवटचा कारखाना तिथे अजून चालू आहे. ऊस या किनाऱ्यावर आणला अरबांनी, दहाव्या शतकाच्या सुमारास. पुढे शतकानुशतकं मोत्रिल-सालोब्रेन्या पट्ट्यात ऊसच ऊस होता. तिथला शेवटचा साखर कारखाना २००६ साली बंद पडला. आता त्या भागात अवोकाडो आणि चिरिमोयाच्या बागा आहेत. चिरिमोया सीताफळाच्याच कुळातलं, थंडीत येणारं फळ. बिया तशाच काळ्या, पण गर सलग आणि किंचित आंबट. कराडला उसाच्या फडात वाढलेल्या माणसाने हा मुलूख पाहायलाच हवा.

आई, तुझ्यासाठी पालक आणि काबुली चण्यांची भाजी. मूळची सेव्हियाकडची, पण इथेही मिळते. लसूण, जिरं, लाल मिरचीची पूड, आणि दाटपणासाठी तळलेला पाव वाटून लावलेला. सकाळी भाजलेल्या पावावर किसलेला टोमॅटो, मीठ आणि ऑलिव्ह तेल. ऑलिव्हची तोडणी याच दिवसांत चालते. इथली आलोरेन्या जातीची ऑलिव्ह ठेचून मिठाच्या पाण्यात लसूण, बडीशेपेची पाती आणि ओव्याच्या वासाच्या एका झुडपाबरोबर मुरवतात. तोंडात टाकलं की तुझ्या लोणच्याची बरणी उघडल्यासारखं वाटतं.

घरी आले की तू माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात शेंगदाण्याच्या कुटाचं काहीतरी करतेस, ते माझ्या मनाला फार लागतं. इथे माझ्यासाठी कुणाला वेगळं काही करावं लागलं नाही. बदाम, चणे, पाव, तेल, हंगामातली भाजी, हे इथल्या गरिबांचं पूर्वापार जेवण आहे.

विचारावं मात्र लागतं. ‘भाज्यांचं’ सँडविच मागवलं तर त्यात बहुतेक वेळा ट्यूना आणि अंडं निघतं. मसुराच्या आमटीत चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. वांग्याच्या चकत्या कधी तळण्याआधी दुधात भिजवतात. तुम्हाला चालेल, मला नाही. आणि आई, हे नीट लक्षात ठेव: नाताळात पोल्वोरोन नावाची भुगा होणारी बिस्किटं सगळीकडे समोर येतात, त्यात बहुधा डुकराची चरबी असते. ऑलिव्ह तेलात केलेलीही मिळतात, म्हणून पाकिटावर ‘मांतेका’ लिहिलंय का ते वाचायचं. तुर्रोन हा बदामाचा गोड पदार्थ दिसतो चिक्कीसारखा, पण त्यात अंड्याचा पांढरा बलक असतो. एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्री घड्याळाच्या बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खायची इथली रीत आहे. ती तुम्ही दोघंही बिनधास्त पाळू शकाल.

रात्री हॉटेलांत नऊच्या सुमारास जेवण सुरू होतं, ते बाबांना झेपणार नाही. त्यावर मी ठरवलंय: मुख्य जेवण दुपारी दोनला, संध्याकाळी खोलीवर पाव, ऑलिव्ह, फळं. आताराथानास बाजार जवळच असेल असं घर घेऊ. जानेवारीतही दुपारी सोळा-सतरा अंश तापमान असतं, समुद्राकाठी सपाट रस्ता आहे, आईच्या गुडघ्यांना त्रास होणार नाही. जानेवारी-फेब्रुवारीत डोंगरात बदाम फुलतो.

बी-१२ ची गोळी मी नेमाने घेते, रक्त तपासून घेतलंय, सगळं ठीक आहे.

व्हिसाला वेळ लागतो, म्हणून तुमच्या दोघांच्या पासपोर्टची मुदत कधी संपते ते बघून कळवा.

तुमची,
मनू