तूच बरोबर होतास, पण नाचू नकोस

प्रिय गड्या,

आठ महिने उत्तर दिलं नाही. शिव्या राखून ठेव, भेटलो की एकदम दे. तब्येत बरी, पाठ जुनीच.

काल रात्री एक वाजता एकटाच हसत बसलो होतो, आणि त्याचं कारण घरात कुणाला सांगून कळलं नसतं. 'डाया' बसवलंय, आकृत्या काढायचं ते मुक्त सॉफ्टवेअर. हो, तेच, ज्याला मी 'गरिबांचं खेळणं' म्हणालो होतो. रेषेचं टोक हिरवं असतं. चौकटीवरच्या बारक्या फुलीला टेकवलं की लाल होतं. मग चौकट कुठेही ओढ, रेष सोडत नाही. पण हसलो त्यावर नाही, हे काय, पैसेवालं सॉफ्टवेअरही करतं. तू शिकवलं होतंस तशी आकृतीची फाइल जीझिपमधून (फाइली दाबून लहान करतं ते) सोडवून पाहिली. आत साधं एक्सएमएल, म्हणजे नावं-खुणा लावलेला साधा मजकूर! पहिल्या चौकटीचं नाव 'ओ शून्य', आणि बाणाच्या नोंदीत स्वच्छ लिहिलेलं, याचं हे टोक 'ओ शून्य'ला जोडलंय. मला वाचता आलं, गड्या. आकृतीचं कुठलंही सॉफ्टवेअर न उघडता.

तुझी ती चार स्वातंत्र्यंही शून्यापासूनच मोजायची ना? मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ काढणाऱ्या स्टॉलमनबुवांची: वापरा, वाचून बदला, वाटा, बदललेलंही वाटा. मी म्हटलं होतं, ज्यांना एकपासून मोजता येत नाही त्यांच्या नादी काय लागायचं. वर डायाची माझ्याकडची आवृत्ती 0.97. तुमच्या लोकांचं 'एक'शी काय वाकडं आहे कुणास ठाऊक.

आता खरं दुखणं. नोकरी सोडली, लायसन गेलं, आणि सहा वर्षांच्या आकृत्या त्या पैसेवाल्याच्या फाइलींत अडकल्या. लिबरऑफिस ड्रॉ या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये काही उघडतात, पण कशा? अक्षरं चौकटीबाहेर लोंबतात, बाण हवेत. माझंच डोकं, माझीच मेहनत, आणि दार दुसऱ्याचं. तू 'फुकट नव्हे, मुक्त!' म्हणून टेबलावर मूठ आपटलीस, चहा माझ्या वहीवर सांडला, तेव्हा मी चोरीच्या सीडीवरून तेच महागडं सॉफ्टवेअर चढवत होतो. तुला तत्त्व शिकवत! आठवलं की अजून कान गरम होतात.

रोज दोन-तीन आकृत्या नव्याने काढतो. सोप्या असतील तर ग्राफविझ नावाच्या प्रोग्रामला देतो: कोण कुणाकडे जातो एवढं लिहायचं, मांडणी ते करतं. त्याची मांडणी मला पटत नाही, ती वेगळी गोष्ट. तुझ्याशी तरी कुठे पटायचं.

तुझ्या नव्या ऑफिसचं काय? आईंचा गुडघा? लेकीला माझा पापा दे.

आणि हो, आपल्या प्रोजेक्टची मोठी आकृतीही त्याच ढिगात आहे, उघडतच नाही. सरांनी लाल पेनने फुल्या मारलेला कच्चा कागद तुझ्याकडे होता. असला तर फोटो काढून पाठव. चहाचा डाग असलेलं पान ते.

तुझाच,
फुकट्या