सिंहाच्या मुलखातून एक पत्र

अमरेली

प्रिय संज्या,

पत्र मिळालं. बिबट्या तुमच्या नारायणगावच्या उसात, पोरं तुझ्या वर्गातली, आणि त्यांच्याशी काय बोलावं हे विचारतोस मला! बरं, इकडे शाळाशाळांतून फिरताना जे दिसतं ते लिहितो. पटेल तेवढं घे.

१० ऑगस्टला, जागतिक सिंह दिनाला, इकडे पोरं सिंहाचे मुखवटे लावून फेरी काढतात. घोषणा, प्रतिज्ञा, फोटो. पोरांना मजा येते, येऊ दे. पण 'सिंह वाचवा' हे गीरच्या पोराला काय सांगायचं? जुनागढच्या नवाबांनी संरक्षण दिलं तेव्हा मोजकेच उरले होते. २०२० मध्ये ६७४ होते, २०२५ च्या गणनेत ८९१. त्यातले निम्म्याहून जास्त गीर राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्याबाहेर, बरेचसे या पोरांच्याच शेतशिवारात.

म्हणून मी सिंहापासून सुरुवातच करत नाही. 'रात्री पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला कोण जातं?' एवढंच विचारतो. मग थांबवावं लागतं त्यांना. परवा सातवीतला एक जण सांगत होता: वीज रात्रीची, बाप मोटर चालू करायला निघाला तर बांधावर सिंहीण, मागे दोन बच्चे. बापाने बॅटरी खाली धरली, पाठ न फिरवता एकेक पाऊल मागे आला. पोराने वर्गात तसं चालून दाखवलं. माझ्या चार्टपेक्षा ते भारी होतं, आणि खरा विषयही तोच: वीज दिवसा मिळाली तर निम्मी भीती जाईल. हे पोरांना कळतं, मोठ्यांनाच अवघड जातं.

दुसरं, विहिरी. कठडा नसलेल्या विहिरीत पडून इकडे सिंह मरतात. घर ते शाळा वाटेत अशा किती विहिरी लागतात, ते पोरांनी मोजून आणायचं. यादी सरपंचाच्या टेबलावर. विहिरीत काय फक्त सिंहच पडतो का?

तुझं काम मात्र माझ्यापेक्षा अवघड आहे. इथे वासरू गेलं तरी माणूस शिव्या देत देत 'आमचा सिंह' म्हणतो. बिबट्याला 'आमचा' कोण म्हणणार? आणि ज्या घरातलं लेकरू गेलं, त्यांच्यापुढे सहजीवनावर भाषण ठोकू नकोस, हात जोडतो. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात सहल काढलीस तर पिंजरे दाखवून परत आणू नकोस, नाहीतर पोरांना वाटेल, पकडला की प्रश्न मिटला. २००० नंतरच्या काही वर्षांत तुमच्याकडचे बिबटे धरून दुसरीकडे सोडले, तेव्हा हल्ले उलट वाढले होते. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी ते अभ्यासून मांडलंय, तेवढं सांगच.

आणि एक. सगळ्यात जास्त धोका ज्यांना, ती ऊसतोडवाल्यांची पोरं तुझ्या वर्गात नसतातच. ती उसाच्या फडाशेजारी कोपीत, म्हणजे झोपडीत असतात. साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की संध्याकाळी तिकडे जा. उसात बछडे सापडले तर उचलायचे नाहीत, वनखात्याला कळवायचं आणि जागा मोकळी करायची, रात्री आई येऊन नेते, हे आधी कोयता धरणाऱ्यांना सांग. पोरं ऐकतीलच.

वहिनींना नमस्कार. दिवाळीत येतोय, तेव्हा फडावर मलाही ने.

तुझा,
बाळ्या