ओफेलियाला बोलूही द्यावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत शेक्सपिअरच्या ओफेलियाविषयी आलेला लेख आवडला. मात्र सोबतच्या सर्वच चित्रांत ती पाण्यावर निश्चल पडलेली दिसते, म्हणून हे पत्र.

'हॅम्लेट' नाटकात ओफेलियाचा बुडून झालेला मृत्यू रंगमंचावर घडतच नाही. ओढ्यावर झुकलेला विलो वृक्ष, त्याची मोडलेली फांदी, पाण्यावर पसरलेली वस्त्रे हे सारे राणी गर्ट्रूड सांगते आणि आपण ते केवळ ऐकतो. चित्रकार जॉन एव्हरेट मिले याने १८५१-५२ मध्ये त्या वर्णनाचे चित्र केले, तेव्हा ओफेलियाची मॉडेल म्हणून एलिझाबेथ सिडल हिला पाण्याने भरलेल्या टबात निजवले होते. पाणी कोमट राखणारे दिवे विझले आणि ती आजारी पडली. सिडल स्वतः कविता लिहीत असे, चित्रे काढीत असे; तरी बहुतेकांना ती त्या टबापुरतीच ठाऊक आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नाटकातली ओफेलिया गप्प नाही. प्रियकर हॅम्लेटच्या हातून वडील मारले गेल्यावर वेड लागलेली ती चौथ्या अंकात थेट राजाराणीसमोर येते, घरंदाज मुलीच्या तोंडी कोणी ऐकू इच्छिणार नाही अशी गाणी गाते आणि फुले-पाने वाटू लागते. रोजमेरी स्मरणासाठी, रू ही कडवट वनस्पती अनुतापासाठी. व्हायोलेट मात्र देता येत नाहीत, कारण वडील गेले तेव्हाच ती सारी सुकली, असे ती सांगते. वडिलांचे दफन घाईघाईने, गुपचूप उरकणाऱ्या दरबाराला याहून स्पष्ट शब्दांत कोणीच काही सुनावलेले नाही. १८२७ मध्ये पॅरिसला अभिनेत्री हॅरिएट स्मिथसनने हा वेडाचा प्रवेश केला, तेव्हा इंग्रजी न जाणणारे प्रेक्षकही हेलावले. त्यांतल्याच बर्लिओझ या तरुण फ्रेंच संगीतकाराने स्मिथसनच्या ध्यासातून १८३० मध्ये 'सिम्फनी फँटास्टिक' रचली.

आपल्याकडे आगरकरांनी 'विकारविलसित'मधून (१८८३) हे नाटक मराठीत आणले. गणपतराव जोशींच्या हॅम्लेटची आठवण आजही निघते. त्यातल्या नायिकेविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते.

अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टच्या २०२५ मधील गाण्यात नायिका ओफेलियाच्या नशिबातून वाचते, आणि त्या गाण्यामुळे नवी पिढी हे नाव पुन्हा घेऊ लागली आहे. अशा वेळी पुरवणीत कधीतरी नाटकाच्या चौथ्या अंकातील तो फुलांचा प्रवेश मराठीत संपूर्ण छापावा, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक, सांगली