चष्म्यातून खरोखर काय दिसते, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ऑगमेंटेड रिॲलिटीच्या, म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यात कृत्रिम आकृत्यांची भर घालणाऱ्या चष्म्यांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. लेख अभ्यास करून लिहिलेला आहे आणि त्यातील मजकुराबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती लेखाच्या डोक्यावर पानभर छापलेल्या रंगीत चित्राबद्दल. त्या चित्रात चष्मा घातलेला एक तंत्रज्ञ यंत्रापुढे उभा आहे आणि यंत्राच्या माथ्यापासून जमिनीपर्यंत, त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, सर्वत्र निळ्या आकृत्या, आकडे आणि बाण ठसठशीतपणे तरंगत आहेत. असा चष्मा घालणाऱ्याला असे दृश्य दिसत नाही. मी या चष्म्यांच्या पहिल्या पिढीतील एक नमुना दोन आठवडे रोज वापरला आहे आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

मी यंत्रदुरुस्ती शिकवणारा शिक्षक आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्कशॉपमध्ये असा एक चष्मा चाचणीसाठी आला होता. तो कोणत्या कंपनीचा होता हे सांगण्याचे कारण नाही, कारण मी पुढे जे लिहिणार आहे ते त्या पिढीतील बहुतेक चष्म्यांना कमीअधिक प्रमाणात लागू होते. त्यात एका सेंट्रिफ्यूगल, म्हणजे पाणी फिरवून बाहेर फेकणाऱ्या पंपाचा पाठ तयार करून घातलेला होता. पंप खरा, समोर पायावर बसवलेला. आणि चष्म्यातून पाहिले की त्या बंद केसिंगच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या आत इम्पेलर, म्हणजे पात्यांचे चाक, जागच्या जागी फिरताना दिसे. पाणी मधल्या तोंडातून आत येते आणि पाती त्याला कडेकडे फेकतात, हे मी आयुष्यभर फळ्यावर खडूने छेदचित्र काढून सांगत आलो. ते चित्र सपाट असते आणि ते मनातल्या मनात वळवून पाहणे प्रत्येकाला साधतेच असे नाही. अभ्यासात मागे पडलेल्या एका मुलाला मी चष्मा घातला, तेव्हा तो काही बोलला नाही. गुडघे टेकून तो सक्शनच्या, म्हणजे पाणी आत येण्याच्या तोंडाशी वाकला आणि बराच वेळ आत पाहत राहिला; मग उठून मागच्या बाजूला गेला आणि तिथूनही पाहिले. दुसऱ्या दिवशी त्याने वहीत काढलेल्या छेदचित्रात पात्यांची वळणे बरोबर दिशेला होती. तो दिवस मी विसरणार नाही आणि या तंत्राविषयी मला जी आस्था आहे ती तेथूनच सुरू झाली.

आता चित्रात जे नव्हते ते सांगतो. चष्मा डोळ्यावर चढवल्यावर सगळी खोली नेहमीसारखी दिसते, परंतु तिच्यात भर घातलेली आकृती मात्र नजरेच्या मधोमध असलेल्या एका लहानशा आयतापुरतीच दिसते. त्या आयताच्या कडेला आकृती सुरीने कापल्यासारखी संपते. माणसाच्या दोन्ही डोळ्यांची आडवी नजर सुमारे २०० अंशांपर्यंत पसरते. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांसाठी बाजारात आणलेल्या पहिल्या होलोलेन्स या चष्म्याचे दृष्टिक्षेत्र, म्हणजे आकृती दिसू शकते तेवढा भाग, जाणकारांनी मोजले ते साधारण ३० अंश रुंद आणि १७.५ अंश उंच होते. नुसत्या अंशांवरून अंदाज येत नाही म्हणून हिशेब करून सांगतो: दोन फुटांवर, म्हणजे ६० सेंमी अंतरावर, ही खिडकी जेमतेम ३२ सेंमी रुंद आणि १८ सेंमी उंच भरते. हातात पाना घेऊन काम करणारा माणूस यंत्रापासून तेवढ्याच अंतरावर असतो. आमचा पंप त्याहून मोठा होता, त्यामुळे इम्पेलर दिसला तर कपलिंगवरचा, म्हणजे मोटर आणि पंप जोडणाऱ्या भागावरचा बाण गायब होई, आणि बाण शोधायला मान वळवली की इम्पेलर निघून जाई. अंधाऱ्या खोलीत टॉर्चच्या झोताने वस्तू शोधाव्यात, तशी मुले मान फिरवून फिरवून सूचना शोधत होती.

जाहिरातीतले दृश्य आणि काचेतले दृश्य यांतील ही तफावत नवी नाही. २०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलने आपल्या चष्म्याच्या कल्पनेची चित्रफीत प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यात वापरणाऱ्याच्या नजरेसमोर मधोमध चिन्हे आणि नकाशे उघडत होते. पुढच्या वर्षी जो चष्मा निवडक लोकांच्या हाती पडला, त्यात उजव्या डोळ्याच्या वरच्या कोपऱ्यात बसवलेले एक छोटे प्रिझम होते, आणि त्यातला पडदा कंपनीच्याच वर्णनानुसार ८ फुटांवरून पाहिलेल्या २५ इंची पडद्याएवढा होता. म्हणजे कर्णावर सुमारे १५ अंश. शिवाय त्यातली माहिती समोरच्या वस्तूंवर जाऊन बसत नव्हती, नुसती कोपऱ्यात दिसत होती. मी त्या चष्म्याला नावे ठेवत नाही, डोक्यावर घालण्याजोगे इतके हलके यंत्र बनवणे ही मोठीच गोष्ट होती. परंतु लोकांनी आधी चित्रफीत पाहिली होती, त्यामुळे खरी वस्तू हाती येताच त्यांना ती खोटी वाटली.

वस्तूवर जाऊन बसणे, हा या विद्येचा प्राण आहे. संशोधक रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ मध्ये या विषयाचा जो आढावा लिहिला, त्यात ऑगमेंटेड रिॲलिटी कशाला म्हणावे याच्या तीन अटी सांगितल्या: खरे आणि कृत्रिम एकत्र दिसले पाहिजे, ते त्याच क्षणी प्रतिसाद देणारे असले पाहिजे, आणि कृत्रिम भाग त्रिमितीत खऱ्या जागेशी जुळलेला असला पाहिजे. यांतील तिसरी अट सर्वांत कठीण आहे. संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर घालण्याचा पहिला असा पडदा दाखवला, तेव्हा डोके कुठे वळले हे मोजण्यासाठी छतापासून डोक्यापर्यंत एक यांत्रिक दांडी जोडावी लागली होती. ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ हे नाव पुढे बोइंग या विमान कंपनीतील टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांच्याकडून रूढ झाले, तेही कारागिरांच्या गरजेतूनच. विमानातील तारांच्या जुड्या बांधताना पुढची तार कुठून न्यायची हे कामगाराला त्याच्या नजरेसमोरच दिसावे, अशी त्यांची १९९२ मधील मांडणी होती. कारागिराच्या दृष्टीने या विद्येची परीक्षा त्यामुळे एकाच प्रश्नावर होते: बाण बरोबर त्याच जागी टेकतो का?

आमच्या पंपाच्या फ्लँजला, म्हणजे जोडणीच्या चपट्या कडेला आठ बोल्ट होते आणि ते सैल करण्याचा क्रम चष्मा बाणाने दाखवत होता. सरळ उभे राहून पाहिले तर बाण बरोबर तिसऱ्या बोल्टवर. पाना लावायला वाकले की बाण तिसऱ्या आणि चौथ्या बोल्टच्या मध्ये, आणि मान पटकन वळवली तर क्षणभर थेट चौथ्यावर. याचे कारण समजण्यासारखे आहे. डोके वळल्यापासून नवे चित्र काचेवर येईपर्यंत काही काळ जातोच. समजा हा उशीर सेकंदाचा दहावा भाग आहे आणि डोके सेकंदाला ५० अंश, म्हणजे फार घाईने नव्हे, वळत आहे. तर चित्र ५ अंशांनी मागे राहते, आणि हातभर अंतरावर ५ अंश म्हणजे सुमारे ६ सेंमी. आजच्या यंत्रांत हा उशीर पुष्कळ कमी झाला आहे हे खरे. पण डोके स्थिर असतानाही जी थोडी चूक उरते ती वेगळीच: काच डोळ्यापुढे नेमकी कुठे बसली आहे, डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधील अंतर यंत्रात बरोबर भरले आहे का, नाकावरून चष्मा जरासा घसरला आहे का, यावर बाणाची जागा हलते. घामाने चष्मा घसरतोच. हॉलमध्ये तरंगणारा कृत्रिम ग्रह दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण बाण दोन सेंटिमीटरने चुकला तर नवशिका कारागीर भलत्याच बोल्टला हात घालतो.

दुसरी अडचण मला स्वतःला जास्त जाणवली. समोरची वस्तू जवळ आली की डोळे दोन कामे करतात: दोन्ही बुबुळे नाकाकडे वळतात आणि डोळ्यातले भिंग आपला फुगीरपणा बदलून वस्तू स्पष्ट करते. ही दोन्ही कामे जन्मभर जोडीनेच होत आलेली असतात. या चष्म्यात मात्र प्रतिमा एका ठरावीक अंतरावरून आल्यासारखी स्पष्ट होते; होलोलेन्समध्ये हे अंतर सुमारे २ मीटर ठेवलेले होते आणि कृत्रिम वस्तू १.२५ मीटरपेक्षा जवळ आणू नयेत असा सल्ला कंपनीनेच दिला होता. आमचे काम अर्ध्या मीटरवर. बोल्टवर नजर ठरवली की बाण पुसट, बाण वाचायला गेले की बोल्ट पुसट. अर्ध्या तासाने कपाळ जड होई. आम्ही ते वजनामुळे समजत होतो आणि वजनही होतेच, परंतु चष्मा काढल्यावर मुले कपाळ न चोळता डोळे चोळत, यावरून मला खरे कारण उमगले.

उजेडाबद्दल थोडक्यात लिहितो. त्या पिढीतील आरपार दिसणाऱ्या काचेत यंत्र फक्त उजेडाची भर घालू शकते, वजाबाकी करू शकत नाही. त्यामुळे काळा रंग दाखवताच येत नाही. काळे म्हणजे तिथे काहीच नाही. सावली पडत नाही. मागे पांढरी भिंत असेल तर आकृती विरते, आणि वर्कशॉपचे मोठे शटर उघडून ऊन आत आले की ती जवळजवळ नाहीशी होते. आपण छापलेल्या चित्रात उघड्या खिडकीसमोर गडद निळा, भरीव बाण आहे. तसा बाण अशा आरपार काचेत उमटणार नाही.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल की जाहिरातीचे चित्र जाहिरातीचे असते, त्याचे एवढे काय मनावर घ्यायचे? मनावर घेण्याचे कारण आमच्याच अनुभवात आहे. दोन आठवड्यांनी चष्मा ठेवायचा की परत करायचा हे ठरवायला आमची समिती बसली, तेव्हा समितीतील बहुतेकांनी तो घालण्यापूर्वी असली चित्रे पाहिलेली होती. त्यांनी चष्मा घातला, लहानशी खिडकी पाहिली, ‘एवढेच?’ असे विचारले आणि पाच मिनिटांत काढून ठेवला. बोल्टचा क्रम दाखवण्यासाठी तो निरुपयोगी होता, याबद्दल माझे त्यांच्याशी दुमत नव्हते. पण दोन पावले मागे उभे राहून बंद पंपाच्या आत पाहण्यासाठी तो अतिशय उपयोगी होता: तिथे दोन सेंटिमीटरची चूक खपते, अंतर डोळ्यांना सोसते, इम्पेलर खिडकीत मावतो. त्या एका कामासाठी तो ठेवावा असे मी परोपरीने सांगितले. चष्मा परत गेला. त्या लोकांची मी चूक मानत नाही. त्यांनी तुलना केली ती चित्राशी, आणि चित्रापुढे तो हरणारच होता. फळ्यावरील खडूच्या आकृतीशी तुलना केली असती तर निकाल वेगळा लागला असता, असे मला आजही वाटते.

पुढील पिढ्यांमध्ये सुधारणा झाली हे मी जाणतो. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या होलोलेन्सचे दृष्टिक्षेत्र ४३ बाय २९ अंश होते, म्हणजे क्षेत्रफळाने दुपटीहून जास्त, आणि नजर कुठे आहे हेही तो ओळखत असे. तरीही २०२४ मध्ये कंपनीने त्याचे उत्पादन थांबवले. आता पुन्हा नवे, हलके चष्मे येत आहेत, पुन्हा तशीच चित्रे येत आहेत, आणि पुन्हा कुठल्यातरी संस्थेची समिती ती पाहून बसणार आहे.

म्हणून माझी आपणास विनंती आहे. अशा चष्म्यांविषयी लिहिताना कंपनीने दिलेले चित्र छापावयाचेच असेल, तर त्याखाली ते संकल्पनाचित्र असल्याचे स्पष्ट लिहावे. आणि शक्य असेल तेव्हा काचेतून टिपलेले छायाचित्र त्याशेजारी द्यावे. हे अवघड नाही. चष्मा टेबलावर घट्ट टेकवायचा, डोळा असतो त्या जागी मोबाइलचे भिंग आणायचे आणि आकृती पूर्ण दिसेपर्यंत ते हळूहळू सरकवायचे. कॅमेऱ्याला दिसते ते डोळ्यासारखे हुबेहूब नसते, रंग आणि उजेड थोडा बदलतो. परंतु खिडकीची कड कुठे येते हे त्यात लपत नाही. आपल्या प्रतिनिधींनी तो चष्मा स्वतः किती वेळ घातला, कोणत्या उजेडात घातला आणि हातभर अंतरावरील वस्तूवर खूण टेकली की सरकली, एवढी माहिती लेखात आली तर माझ्यासारख्या वाचकाला ती पानभर चित्रापेक्षा जास्त उपयोगाची आहे.

चष्मा परत पाठवण्याच्या आदल्या दिवशी आम्ही याच पद्धतीने काढलेले एक छायाचित्र सोबत जोडत आहे. त्यात पंपाचा राखाडी फ्लँज स्पष्ट दिसतो, इम्पेलरची वरची तीन पाती फिकट हिरवी दिसतात, खालची पाती खिडकीच्या कडेवर तुटलेली आहेत, आणि डावीकडे एक बाण दोन बोल्टांच्या मधोमध थांबलेला आहे. जागा असल्यास ते छापावे.

आपला नम्र,
यंत्रदुरुस्तीचा एक शिक्षक