ऊसतोड मजुराला मतासाठी किती रुपये मोजावे लागतात?

मा. मुख्य निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, नवी दिल्ली

महोदय,

महाराष्ट्र विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं. ऊस गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू करायचं सरकारने त्याआधीच ठरवलं होतं. या दोन तारखा एकत्र वाचल्या की आमच्या बीड जिल्ह्यातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतल्या कितीतरी वस्त्यांवर त्या सुमारास म्हातारी माणसं आणि कुलपं उरतात. बाकीचे कोयता घेऊन कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नाहीतर कर्नाटकात बेळगावकडे गेलेले असतात. नाव गावच्या यादीत आणि माणूस तीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात.

मत देऊ नका असं त्यांना कुणी सांगत नाही. त्यांना अडवतो तो हिशेब, आणि तो आपण एकदा नीट पाहावा म्हणून हे पत्र लिहितो आहे.

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ मिळाल्यावर तोडणीचा दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. जोडीने दिवसभर राबून दोन टन तोडला तर सातशे-सव्वासातशे रुपये होतात, आणि तेही हातात पडत नाहीत. पावसाळ्यात मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या कंत्राटदाराकडून, घेतलेल्या उचलीत (आगाऊ पैशांत) ते वळते होतात. काम चुकलं की खाडा. मजुरी तर बुडतेच, वर पुष्कळ टोळ्यांत दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत दंड कापला जातो. मतदानाला जाऊन यायचं तर दोन दिवस हवेत. त्यात दोघांचं जाण्या-येण्याचं एसटीचं भाडं, बाईचं अर्धं धरलं तरी, हजाराच्या वर जातं. सगळं मिळून साडेतीन हजारांच्या पुढे. आणि त्या दोन दिवसांत कोपीतली (फडाजवळच्या झोपडीतली) पोरं आणि गाडीचे बैल कुणावर सोडायचे?

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब ने मतदानादिवशी पगारी सुट्टी दिली आहे, रोजंदारीवाल्यालाही. पण टनावर काम करणाऱ्या जोडीला त्या दिवसाचे पैसे कारखाना देणार की मुकादम, हे फडात कुणी विचारत नाही. सुट्टी नाकारणाऱ्या मालकाला या कलमाखाली जास्तीत जास्त दंड पाचशे रुपये आहे. मजुराच्या एका खाड्याएवढा.

यातून जे होतं ते मला सगळ्यात जास्त टोचतं. ज्याला मजुरांची मतं हवी आहेत तो गाड्या पाठवतो, वाटेत जेवण देतो, मुकादमाशी बोलून खाड्याचं मिटवतो. त्याच कायद्याच्या कलम १२३(५) प्रमाणे उमेदवाराने मतदारांची फुकट ने-आण करणं हा भ्रष्ट आचार आहे, आणि तो असलाच पाहिजे. पण सरकार भाडं देत नाही आणि उमेदवाराने द्यायचं नाही, मग मजुरापुढे दोनच वाटा राहतात: मत सोडून द्यायचं, नाहीतर कुणाच्या तरी उपकाराखाली जाऊन द्यायचं. दुसऱ्या वाटेने आलेला माणूस मतदान केंद्रात मोकळ्या मनाने उभा राहत नाही.

ब्रिटिशांच्या काळात मताधिकाराला जमीन, कर, शिक्षण अशा अटी होत्या. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे सर्व प्रौढांसाठी मताधिकार मागितला. संविधानाच्या कलम ३२६ ने त्या अटी संपवल्या. कायद्यातून गेलेली पैशाची अट फडातल्या माणसासाठी अजून गेलेली नाही.

उसाच्या गावीच नाव नोंदवा, असं काही जण सुचवतात. पण हा माणूस दरवर्षी त्याच कारखान्याला जातो असं नाही. त्याचं घर, रेशन, पोरांची शाळा बीडमध्ये आहे. आमदाराकडे त्याला पाणी मागायचं असतं ते आपल्या गावासाठी.

आयोगाला हे जमणार नाही असं मी मानत नाही. अरुणाचलातल्या मालोगामला एका मतदारासाठी आपले कर्मचारी डोंगर चढून मतदान केंद्र उभारतात. काश्मिरी विस्थापितांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत खास केंद्रं असतात. डिसेंबर २०२२ मध्ये आयोगानेच दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली होती, एका केंद्रावरून ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल अशी. पक्षांनी हरकती घेतल्या आणि विषय मागे पडला. त्या यंत्राची वाट पाहायची गरजही नाही. १९५१ च्या त्याच लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६०(क) सरकारशी सल्लामसलत करून एखाद्या वर्गाला टपाली मतदानासाठी अधिसूचित करण्याचा अधिकार आयोगाला देतं. पंच्याऐंशी वर्षांवरच्या मतदारांना टपाली मत घरी मिळतं, तसं ऊसतोड मजुरांना कारखान्याच्या आवारात का मिळू नये? कुठल्या गावची टोळी कुठे आहे याची नोंद कारखान्याकडे असते. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळाच्या ओळखपत्रांची जोड त्याला देता येईल.

हे होईपर्यंत मतदार ओळखपत्र आणि कारखान्याचा दाखला दाखवणाऱ्याला मतदानाच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत एसटी मोफत करावी, राज्याच्या खर्चाने, कुठल्याही नेत्याच्या फोटोशिवाय. शेजारच्या राज्यात गेलेल्यांसाठी कर्नाटक सरकारशी बोलावं. मतदानासाठीच्या दिवसांचा खाडा धरणार नाही असं साखर आयुक्तांमार्फत प्रत्येक कारखान्याकडून लिहून घ्यावं, आणि त्या दिवसाची मजुरी कारखान्यानेच द्यावी असं आदेशात स्पष्ट म्हणावं.

मुदतीप्रमाणे पुढची विधानसभा निवडणूक २०२९ मध्ये, पुन्हा याच हंगामाच्या तोंडावर येईल. कलम ६०(क) खाली आयोग काय करणार आहे, ते या वर्षाच्या आत जाहीर करावं, ही विनंती.

आपला,
बीड जिल्ह्यातील एक मतदार